इंग्रजी 'लीव्ह' अरबीत नेताना : निघणं, सोडणं, टाकणं आणि रजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आखातातल्या नोकऱ्यांसाठी लागणारे कागद इंग्रजीतून अरबीत करायला नुकतीच सुरुवात केलेल्या एका वाचकाने विचारलं आहे, की 'लीव्ह' या क्रियापदासाठी कोशात ग़ादर, तरक, ख़रज, रहल, इन्सरफ असे पाच-सहा शब्द सापडतात, तर त्यातला बरोबर कोणता? सोबत त्यांनी हातातली तीन वाक्यं दिली आहेत. पहिलं, 'तो ३ मार्चला मुंबईहून दुबईला निघाला.' दुसरं अनुभवपत्रातलं, 'त्याने स्वखुशीने कंपनी सोडली.' तिसरं एका तक्रारअर्जातलं, त्यात कामगार म्हणतो की पासपोर्ट कंपनीकडे 'लेफ्ट' केला. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी शब्द एकच आहे.

अरबीत या तिघांना वेगवेगळी क्रियापदं लागतात. तिसऱ्या वाक्यात तर अर्जदाराला विचारल्याशिवाय क्रियापद निवडताच येत नाही. इंग्रजी 'लेफ्ट' एवढंच सांगतो की माणूस इथे होता आणि आता नाही, किंवा वस्तू तिथे राहिली. हे कोणाच्या इच्छेने झालं, परत येण्याचा विचार होता का, मागे राहिलेल्याचं काय, याबद्दल तो गप्प बसतो. अरबी क्रियापद गप्प बसत नाही. म्हणून 'कोणता शब्द बरोबर' असं विचारण्याआधी 'नेमकं घडलं काय' हे विचारायला हवं.

(अरबी शब्द इथे देवनागरीत लिहितो आहे. नुक्ता असलेला ग़ आणि ख़ घशातून येतात. शेवटचा ऱ्हस्व स्वर बोलताना गळतो, म्हणून 'ग़ादर', 'तरक' असंच लिहिलं आहे.)

मराठी माणसाला या कामात एक मोठी सोय आहे, आणि ती बहुतेक जण वापरत नाहीत. इंग्रजी वाक्य थेट अरबी कोशात नेऊ नका. आधी ते मनात चांगल्या मराठीत म्हणून बघा. गाडी निघाली, नोकरी सोडली, दार उघडं ठेवलं, छत्री विसरली, बायकोला टाकलं, पैसे उरले, मागे दोन मुलं आहेत, रजेवर आहे. इंग्रजीत या सगळ्यांना एकच शब्द पुरतो. मराठीने ते आधीच निवडून वेगळे केलेले आहेत, आणि मराठीच्या या वाटण्या अरबीच्या वाटण्यांशी बऱ्याच ठिकाणी जुळतात. 'मुंबईहून निघाला' आणि 'मुंबई सोडली' यांतला फरक आपल्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही. पहिला परवा परत येईल, दुसऱ्याने बिऱ्हाड हलवलं. पहिल्याला अरबीत ग़ादर, दुसऱ्याला तरक. इंग्रजीकडून अरबीत जाणाऱ्याला हा फरक घोकून पाठ करावा लागतो, तुम्हाला तो कानाने कळतो.

आता ग़ादर. हे प्रमाण अरबीतलं, बातम्यांतलं, विमानतळावरचं क्रियापद आहे. निर्गमनाच्या फलकावर 'अल-मुग़ादरा' किंवा 'अल-मुग़ादिरून' दिसतं. हॉटेलची खोली सोडतानाची नोंद म्हणजे 'तस्जील अल-मुग़ादरा'. मोबाइलवर कुणी ग्रुप सोडला तरी ग़ादरच. या शब्दाला भावना नाही. माणूस किंवा वाहन एका ठिकाणाहून हललं, एवढंच तो सांगतो, आणि त्यामुळेच सरकारी कागदाला तो सोयीचा आहे.

पण व्याकरणात इथे एक खड्डा आहे आणि मराठी माणूस त्यात हमखास पडतो. आपण 'मुंबईहून' निघतो, म्हणून हात आपोआप 'मिन' (पासून, हून) लिहायला जातो. ग़ादरला 'मिन' लागत नाही. जे ठिकाण सोडलं ते सरळ कर्म म्हणून येतं : ग़ादर मूंबाय. ख़रजला मात्र 'मिन' हवाच : ख़रज मिन अल-बैत, घरातून बाहेर पडला. याहून मोठा घोटाळा पहिल्या वाक्यात दडला आहे. इंग्रजीत 'लेफ्ट दुबई' आणि 'लेफ्ट फॉर दुबई' यांत फक्त एका छोट्या शब्दाचा फरक, पण दिशा उलटी. घाईत 'ग़ादर दुबई' लिहिलं, तर जो माणूस मुंबईहून दुबईला निघाला तो अरबी कागदावर दुबईतून बाहेर पडला. प्रवासाच्या तारखांवरून व्हिसाचे दिवस मोजले जातात तिथे ही चूक साधी राहत नाही. म्हणून लिहायचं असं : ग़ादर मूंबाय मुतवज्जिहन इला दुबई, म्हणजे दुबईच्या दिशेने मुंबईहून निघाला. सुटण्याचं ठिकाण मूळ मजकुरात नसेल तर 'ग़ादर इला दुबई' चालतं, फक्त तो 'इला' गळू देऊ नका.

या शब्दाचं मूळ बघण्यासारखं आहे, कारण त्याचा एक भाऊ मराठीत रोज ऐकू येतो. ग़-द-र या धातूपासून 'ग़द्र' म्हणजे विश्वासघात आणि 'ग़द्दार' म्हणजे तो करणारा. आपला गद्दार तोच. त्याच धातूचं तिसरं रूप ग़ादर, त्याचा जुना अर्थ मागे टाकून जाणं. 'ग़दीर' म्हणजे पाण्याचा डोह. जुने अरबी कोशकार त्याची फोड अशी करतात, की पूर ओसरून पुढे जाताना जे पाणी मागे ठेवून जातो तो ग़दीर. 'मागे ठेवण्याचा' हा अर्थ कुराणातही आहे. अठराव्या सूरेच्या, म्हणजे अध्यायाच्या, ४९व्या आयतीत कर्मांच्या नोंदवहीबद्दल 'ला युग़ादिर' येतं, म्हणजे ती लहान-मोठं काहीच सुटू देत नाही. आजच्या अरबीत मात्र ग़ादर म्हणताना कुणालाही विश्वासघात आठवत नाही. गद्दार शब्दाची सवय असलेल्या कानाला तो खटकला तरी बिचकू नका, निर्धास्त वापरा.

तरक हा सगळ्यांत कामाचा आणि सगळ्यांत धोक्याचा शब्द. ग़ादरमध्ये नजर जाणाऱ्यावर असते. तरकमध्ये ती मागे राहिलेल्यावर असते. पुस्तक टेबलावर ठेवलं, निरोप ठेवला, सिगारेट सोडली, शिक्षण अर्धवट सोडलं, देश सोडला, सगळीकडे तरक. आपण 'दार उघडं ठेवलं' म्हणतो, तिथे अरबीतही तीच रचना आहे : तरक अल-बाब मफ़्तूहन. आधी कर्म, मग त्या कर्माची अवस्था. मेलेल्या माणसाने मागे ठेवलेली मालमत्ता म्हणजे 'तरिका'. वारसाहक्काच्या कागदात हा शब्द सतत भेटतो, कारण कुराणाच्या चौथ्या सूरेत वाटण्या सांगताना 'मा तरक', म्हणजे त्याने जे मागे ठेवलं ते, हाच शब्दप्रयोग आहे. आपल्या ओळखीच्या 'तरीका' या शब्दाशी त्याची गल्लत करू नका. तो वेगळ्या त चा, वेगळ्या धातूचा, रस्ता या अर्थाचा शब्द आहे.

मागे बायको-मुलं ठेवून कुणी वारलं तर तरक चालतो, पण बातमीत आणि शोकसंदेशात 'ख़ल्लफ़' जास्त शोभतो. त्याच धातूचा ख़लीफ़ा, म्हणजे मागाहून त्या जागी येणारा. स्फोटाने दहा मृत्यू झाले अशी बातमी देतानाही अरबी वर्तमानपत्रं ख़ल्लफ़ वापरतात, स्फोटाने इतके मृतदेह मागे ठेवले अशा अर्थाने.

'ही लेफ्ट हिज वाइफ' हे वाक्य तर मराठीतच चार प्रकारे होईल. बायकोला गावी ठेवून नोकरीला गेला, तर तरक ज़ौजतहु फ़िल-हिंद. तिला टाकली, तर हजर. दोघं वेगळी राहतात, तर इन्फ़सल. घटस्फोट झाला, तर तल्लक़, हा आपल्या ओळखीच्या तलाकचाच धातू. कोकणातून आखातात गेलेल्या माणसाच्या कौटुंबिक माहितीच्या अर्जात पहिला अर्थ अभिप्रेत असतो, आणि अनुवादकाने हजर लिहिला तर त्या बाईवर परित्यक्तेचा शिक्का बसतो. (हा 'हजर' आपला हजेरीतला हजर नव्हे. तो हाज़िरवरून आला, त्यातला ह वेगळा आणि ज च्या जागी मुळात वेगळंच अक्षर. टाकण्याचा हजर हा हिजरतचा सख्खा. इ. स. ६२२ मध्ये मक्का सोडून मदिनेला जाण्याला हिजरा म्हणतात, कारण त्यात नुसता प्रवास नव्हता, जुन्या जागेशी नातं तोडणं होतं.)

आता दुसरं वाक्य, अनुभवपत्राचं. 'ग़ादर अश-शरिका' व्याकरणाने बरोबर आहे. एखादा मोठा अधिकारी कंपनी सोडतो तेव्हा बातमीत असं लिहितातही. पण प्रमाणपत्रात ते पुरेसं नाही, कारण संबंध कसा संपला हे त्यातून कळत नाही. तिथे 'तरक अल-अमल बि-रग़्बतिहि', स्वतःच्या इच्छेने काम सोडलं, हे बरं. माझी पसंती याहून औपचारिक रचनेला आहे : 'इन्तहत ख़िदमतुहु बिनाअन अला तलबिहि', त्याच्या विनंतीवरून त्याची सेवा समाप्त झाली. आखातातली कार्यालयं 'निहायत अल-ख़िदमा', सेवासमाप्ती, याच भाषेत विचार करतात. सेवासमाप्तीचा जो पैसा मिळतो त्याचं नावही त्यातूनच आलेलं आहे. रीतसर राजीनामा असेल तर 'इस्तक़ाल' हेच क्रियापद वापरा. तिथे तरक म्हणजे मोघमपणा.

मोघमपणाची किंमत कुठे मोजावी लागते ते तक्रारीच्या कागदांत दिसतं, म्हणून यावर जरा थांबतो. समजा कामगाराने इंग्रजीत लिहिलं, की अमुक दिवशी पाच वाजता तब्येत बिघडली म्हणून 'आय लेफ्ट वर्क'. अनुवादकाने कोश उघडून 'तरक्तु अल-अमल' लिहिलं. अरबी वाचणारा अधिकारी याचा अर्थ लावतो, याने काम सोडलं. तो दिवसापुरता बाहेर पडला होता, नोकरी त्याने सोडलीच नव्हती. सौदीत मालकाने कामगार पळाल्याची नोंद केली, की तिला सगळे 'हुरूब' म्हणतात. हुरूब म्हणजे पळून जाणं. रत्नागिरी-रायगडकडच्या ज्या घरांतली माणसं तिकडे आहेत त्यांना हा शब्द समजावावा लागत नाही. ती नोंद लागली की इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, अडतो, दुसऱ्या मालकाकडे बदली अवघड होते आणि पकडला गेला तर परत पाठवणी होते. कागदोपत्री भाषेत 'तग़य्युब अनिल अमल', कामावरून गैरहजर राहणं, किंवा 'इन्क़िताअ अनिल अमल', कामावर येणं बंद होणं, असे शब्द येतात. (तग़य्युबमध्ये आपला गायब आहे.) अशा वादात कामगाराच्या स्वतःच्याच निवेदनात 'तरक्तु अल-अमल' हे शब्द सापडले, तर दुसऱ्या बाजूला आणखी काय हवं? त्या वाक्याला 'ग़ादर्तु मक़र्र अल-अमल', कामाच्या जागेवरून निघालो, असं लिहायचं. किंवा दिवसाचं काम संपवून निघाला असेल तर 'इन्सरफ़्तु'. एक क्रियापद बदललं की माणूस नोकरी सोडणाऱ्याच्या जागी सुट्टी करून घरी गेलेला ठरतो, आणि तेच खरं असतं.

आता तिसरं वाक्य सुटं करता येईल. पासपोर्ट कंपनीकडे 'लेफ्ट' केला. काय झालं होतं? कार्यालयात काही कामाला गेला आणि टेबलावर विसरला, तर 'नसिय'. सुरक्षित राहावा म्हणून स्वतः ठेवायला दिला, तर 'अवदअ', ठेव म्हणून ठेवला. पोहोचल्या दिवशी कंपनीने मागितला आणि याने दिला, तर 'सल्लम', सुपूर्द केला, आणि वाक्यात 'कंपनीच्या मागणीवरून' हे शब्द यायलाच हवेत. 'तरक' इथे व्याकरणाने चुकत नाही, पण त्याने असं दिसतं की पासपोर्ट याने आपणहून तिथे राहू दिला. सौदी आणि अमिरातीत कामगाराचा पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवणं नियमाविरुद्ध आहे. म्हणून तो कुणाच्या इच्छेने तिथे गेला यावर तक्रारीचं सगळं वजन आहे. अनुवादकाने स्वतःच्या अंदाजाने सल्लमही लिहू नये आणि तरकही लिहू नये. अर्जदाराला फोन करावा, घडलेलं मराठीत किंवा हिंदीत बोलायला लावावं. पाच मिनिटांच्या बोलण्यात माणूस आपोआप योग्य क्रियापद वापरतो : 'दिला होता', 'घेतला त्यांनी', 'ठेवून आलो'. तेच अरबीत न्यायचं. पुढे पासपोर्ट परत मिळालाच नाही, तर त्या घटनेला वेगळं वाक्य आणि वेगळं क्रियापद : 'इहतजज़', रोखून धरला.

ख़रजबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आतून बाहेर येणं एवढाच त्याचा अर्थ. दारावरच्या पाटीवर 'ख़ुरूज' असतं. आपल्याकडे अर्ज खारीज होतो तो याच धातूने. व्हिसाच्या कामात दोन जोड्या लक्षात ठेवा. 'ख़ुरूज व औदा' म्हणजे जाऊन परत येण्याची परवानगी, 'ख़ुरूज निहाई' म्हणजे कायमचं बाहेर पडणं, ज्याला आपली माणसं नुसतं 'एक्झिट' म्हणतात. इंग्रजी पत्रात 'फायनल लीव्ह' असं चुकीचं लिहिलेलं आलं, तर अरबीत त्याची रजा करू नका. ख़ुरूज निहाई की शेवटची रजा, हे विचारून घ्या.

रहल मात्र समृद्ध आहे. 'रह्ल' म्हणजे उंटावरचं खोगीर आणि सामान. उंटावर ते चढवून तळ हलवणं ते रहल. त्यामुळे या निघण्यात मागे राहुटी उरत नाही. विमानतळावरची 'रिहला', फ्लाइट, याच धातूची, तिथे अर्थ साधा प्रवासाचा. पण क्रियापद म्हणून रहल वापरलं की कायमचं जाणं ऐकू येतं, आणि म्हणूनच 'अर-राहिल' म्हणजे दिवंगत. लेखकाचं नाव आणि 'रहील' हा शब्द मथळ्यात एकत्र दिसला तर तो गेला असं समजा. क्रीडापानावर प्रशिक्षकाच्या नावाशी तोच शब्द दिसला तर त्याने संघ सोडला. २०११ च्या सुरुवातीला कैरोच्या तहरीर चौकात लोकांनी राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक यांना उद्देशून जी घोषणा दिली ती 'इर्हल'. ११ फेब्रुवारी २०११ ला ते पायउतार झाले. तिथे 'ग़ादिर' कुणी म्हणालं नाही, कारण त्याचा अर्थ इथून निघ एवढाच झाला असता. त्याआधी ट्युनिशियात तर फ्रेंच 'देगाज', निघ इथून, ही घोषणा होती. 'इर्हल'चं इंग्रजीत 'लीव्ह' झालं आणि जगभर फलकांवर दिसलं, पण सामान बांध, पुन्हा दिसू नकोस, हा त्यातला भाग इंग्रजीत पोहोचला नाही. मराठीत 'चालता हो' बरंच जवळ जातं.

याच धातूचं प्रयोजक रूप 'तर्हील' तुमच्या कामात वारंवार येणार आहे, आणि दोन अगदी वेगळ्या अर्थांनी. एक, देशातून हद्दपार करणं. दोन, हिशोबातली शिल्लक पुढच्या वर्षात ओढणं. रजेच्या नियमांत 'तर्हील' दिसलं तर घाबरू नका, न घेतलेली रजा पुढे नेण्याबद्दल ते वाक्य असतं.

बोलीभाषा हा वेगळा प्रांत, आणि कागदपत्रांत तिची गरज नाही. पण निवेदनं ऐकून लिहायची वेळ आली तर काही शब्द कानाला असावेत. इजिप्तचा माणूस तरकच्या जागी 'साब' म्हणतो. 'सिब्त इश-शुग़्ल', मी काम सोडलं. 'सीब्नी फ़ हाली', मला माझ्या हालावर सोड. तिथे 'रव्वह' म्हणजे घरी गेला, आणि कार्यालयात 'साहेब निघाले' याला हाच शब्द. लेबननमध्ये 'फ़ल्ल' ऐकू येईल. 'ख़ल्ली', राहू दे, सोड, जवळपास सगळीकडे समजतं. 'इम्शी' हे आज्ञार्थी रूप मात्र 'चल निघ' इतकं कडक आहे, ते कुणाच्या तोंडी घालताना विचार करा. प्रमाण भाषेत 'सोड, असू दे' याला 'दअ' हा सुंदर शब्द आहे. त्याची वर्तमान आणि आज्ञार्थी रूपं चालतात, पण भूतकाळ अरबांनी जवळजवळ वापरातून काढून टाकला आणि त्या जागी तरक घेतला, असं जुने वैयाकरण सांगतात. म्हणजे 'दअनी' लिहा, त्याचा भूतकाळ बनवायला जाऊ नका.

'उरणं' या अर्थाचा 'लेफ्ट' मराठी माणसाला फुकट मिळालेला आहे. किती वेळ उरला, पैसे किती बाकी? ही बाकी अरबीच : बक़िय, अल-बाक़ी, अल-मुतबक़्क़ी. यंत्राने केलेल्या अनुवादात '३ लेफ्ट' असे सुटे शब्द आले की तिथे कधी कधी 'यसार', डावी बाजू, उगवते. संगणकाच्या पडद्यासाठी काम करत असाल तर सुट्या 'लेफ्ट'चा संदर्भ मागितल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यात इजिप्तमध्ये डाव्या बाजूला बोलताना 'शिमाल' म्हणतात, आणि प्रमाण लिखाणात तीच अक्षरं सहसा 'शमाल', म्हणजे उत्तर, अशी वाचली जातात.

राहिली रजा. इंग्रजीत क्रियापद 'लीव्ह' आणि सुट्टी या अर्थाचं नाम 'लीव्ह' हे दिसायला एक असले तरी मुळात दोन वेगळे शब्द आहेत. नामाचा जुना अर्थ परवानगी. आपली रजाही अरबी 'रिदा'वरून फारसीच्या वाटेने आली, तिचा अर्थ संमती. पण अरबी माणूस रजेला रिदा म्हणत नाही, तिथे ती समाधान आणि संमती एवढीच राहिली. त्याची रजा म्हणजे 'इजाज़ा', तीही 'परवानगी देणं' या क्रियापदापासूनच. हिंदी-उर्दूत ऐकू येणारी इजाजत तीच. तिन्ही भाषांना सुट्टी ही वरिष्ठाने दिलेली मुभा वाटली, हे मला लक्षणीय वाटतं. कागदांत लागणारे प्रकार : इजाज़ा सनविय्या वार्षिक रजा, इजाज़ा मरदिय्या आजारपणाची, बदल इजाज़ा म्हणजे रजेच्या बदल्यात मिळणारे पैसे. अल्जीरियाचे कागद आले तर तिथे आजारपणाच्या रजेला 'उत्ला मरदिय्या' म्हणतात. आखातात उत्ला म्हणजे सहसा सार्वजनिक सुट्टी.

न्यायालयीन इंग्रजीत मात्र परवानगीचा तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. 'लीव्ह टू अपील' म्हणजे अपील करण्याची परवानगी. त्याला इजाज़ा लिहिलं तर वकिलाला सुट्टी दिल्यासारखं वाचलं जाईल. तिथे 'इज़्न' : इज़्न बिल-इस्तिअनाफ़.

त्याच इज़्नवरून निरोपाचा शब्द येतो. अरबी बैठकीतून उठताना सभ्य माणूस 'मी निघतो' म्हणत नाही, 'अस्तअज़िन' म्हणतो, परवानगी मागतो. आपण 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो त्याच जागेचा हा शब्द. संवादांचं किंवा उपशीर्षकांचं काम करताना पाहुणा 'आय शुड बी लीव्हिंग' म्हणाला तर ग़ादर, तरक, ख़रज सगळे बाजूला ठेवा आणि अस्तअज़िन लिहा. यजमान कैरोचा असेल तर तो 'लिस्सा बद्री', अजून लवकर आहे, म्हणून आग्रह करील. तेही मूळ इंग्रजीत 'सो सून?' असं असतं आणि त्याचा शब्दशः अनुवाद अरबीत रुक्ष वाटतो. 'मअ अस-सलामा' हा निरोप मुळात राहणाऱ्याने जाणाऱ्याला द्यायचा. आता दोन्ही बाजूंनी ऐकू येतो, पण जुन्या काळातली गोष्ट असेल तर तो जाणाऱ्याच्या तोंडी टाकू नका, त्याला 'अस-सलामु अलैकुम' म्हणून उठू द्या.